ड्युटी संपते, कामं उरतात: ओव्हर देताना फार अपराधी वाटतं

नवीन_स्टाफ

नमस्कार. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झाल्यावरची ही माझी पहिली नोकरी. ठाण्यातल्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये मेल मेडिकल वॉर्डला आहे. राहते ऐरोलीला, चौघींनी मिळून खोली घेतली आहे. घरी लातूरला हे सांगितलं की आई लगेच म्हणते, झेपत नसेल तर ये परत. म्हणून तिकडे काही बोलत नाही. इथले जुने धागे वाचून कळलं की बऱ्याच सिस्टर इथे लिहितात, म्हणून विचारतेय.

कालची मॉर्निंग सांगते. आठला ओव्हर घेतली, म्हणजे नाईटच्या सिस्टरकडून पेशंटची माहिती आणि राहिलेली कामं समजून घेतली. आम्ही दोघी स्टाफ नर्स, २२ पेशंट, त्यातले ११ माझ्याकडे. साडेबारापर्यंत सगळं वेळेत चाललं होतं. मग कॅज्युअल्टीतून ॲडमिशन आली. दम लागलेले आजोबा, सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) ८४ टक्के. ऑक्सिजन, नेब्युलायझेशन, आयव्ही लाईन, सॅम्पल, आरएमओंच्या (वॉर्डच्या निवासी डॉक्टरांच्या) हाताशी उभं राहणं, पोर्टेबल एक्स-रे, मध्येच त्यांच्या मुलीचे प्रश्न. पावणेदोन कधी वाजले कळलंच नाही. इव्हिनिंगच्या सिस्टर आल्या तेव्हा १४ नंबरच्या काकांच्या पायाचं ड्रेसिंग राहिलं होतं. तीन फायलींचं इनटेक-आउटपुट टोटल (पोटात किती पाणी-सलाईन गेलं, लघवी किती झाली याची बेरीज) राहिलं होतं, घरी जाणाऱ्या एका पेशंटला इन्सुलिन कसं घ्यायचं ते समजावायचं होतं आणि फार्मसीचं इंडेंटही (औषधांची मागणी) बाकी होतं.

सिस्टर "एवढं सगळं?" इतकंच म्हणाल्या. रागाने नाही, दमलेल्या आवाजात. मला तेच जास्त लागलं. मग ड्रेसिंग आणि इन्सुलिनचं मीच थांबून केलं, निघायला साडेतीन झाले. ठाण्याला नऊ नंबरवर पनवेल गाडीची वाट बघताना वॉर्डला फोन करून विचारलं की टोटल झाले का. घरी पोचल्यावर परत एकदा केला. असं बऱ्याचदा होतं. जेवताना, झोपताना हेच डोक्यात असतं, की माझ्यामुळे दुसरीला त्रास झाला आणि पेशंटचं काही राहिलं तर?

मला काम येत नाही म्हणून हे होतं, की सगळ्यांचंच होतं? खरं सांगा, बरं वाटावं म्हणून नको.

तलावपाळी

अगं बाळा, मी महापालिकेच्या हॉस्पिटलमधून सिस्टर इनचार्ज म्हणून निवृत्त झाले. मॉर्निंगच्या शेवटी काहीही उरलं नाही असे दिवस माझ्या वॉर्डात फार थोडे आले, आणि तेव्हा बहुतेक वॉर्ड अर्धा रिकामा असायचा.

मला तुला एक विचारायचंय. त्या आजोबांचं सॅच्युरेशन दोन वाजता किती होतं? तू चार उरलेली कामं नीट मोजून लिहिलीस, पण त्यांचं पुढे काय झालं ते लिहिलंच नाहीस.

नवीन_स्टाफ

९१ होतं, ऑक्सिजन २ लिटरवर. सीओपीडी (फुफ्फुसांचा जुना आजार) आहे म्हणून आरएमओंनी ८८ ते ९२ मध्येच ठेवायला सांगितलंय, ऑक्सिजन वाढवायचा नाही. एबीजी (रक्तातल्या वायूंची तपासणी) परत चार वाजता. हे मी ओव्हरमध्ये पहिलं सांगितलं होतं.

तलावपाळी

मग तुला काम येत नाही हे तुला कोणी सांगितलं? ऑक्सिजन का वाढवायचा नाही हे न कळल्यामुळे इव्हिनिंगच्या कोणी चांगुलपणाने तो ५ लिटर केला असता, तर अंगात कार्बन डायऑक्साइड साचून त्या माणसाचं काय झालं असतं ते तुला माहीत आहे. ते तू थांबवलंस. टोटल संध्याकाळी झाले, त्याने कोणाचं काही बिघडलं नाही.

थांबून ड्रेसिंग केलंस त्याबद्दल ओरडणार नाही, नवीन असताना आम्हीही थांबायचो. पण रोज थांबू नकोस. दमलेल्या हाताने केलेलं दुसऱ्या दिवशी निस्तरावं लागतं.

पारसिक_बोगदा

मी नवी मुंबईत आयसीयूला आहे. तलावपाळी ताईंशी सहमत, पण "उरलं तरी चालतं" एवढ्यावर नवीन मुलीला सोडू नये. काय उरलं तर चालतं आणि काय अजिबात नाही, हे तिला स्पष्ट सांगायला हवं. तिच्या मनात चारही कामांचं वजन सारखंच आहे, आणि त्रास त्याचाच होतोय.

माझ्या युनिटला नवीन मुली येतात तेव्हा मी असं सांगते. वेळेला बांधलेलं औषध मागे ठेवायचं नाही. जेवणाआधीचं इन्सुलिन, सेप्सिसच्या (जंतुसंसर्ग अंगभर भिनलेल्या) पेशंटचा अँटिबायोटिकचा पहिला डोस, फिट्सचं औषध, रक्त गोठू न देणारं हेपॅरिन. अशा औषधांना ठरलेल्या वेळेच्या अलीकडे-पलीकडे अर्धा तास, त्याहून जास्त नाही, असं औषध-सुरक्षेचे नियम सांगतात. दिवसातून एकदाच्या साध्या गोळीला दोन तासांची मुभा असते, म्हणजे सकाळची व्हिटॅमिनची गोळी थोडी उशिरा गेली म्हणून रडायचं नाही. ब्लड लावलं असेल तर पहिली १५ मिनिटं बाजूला कोणीतरी हवंच. ऐन शिफ्ट बदलताना नवी बॅग चालू करायची वेळ आली, तर आरएमओंना विचार. घाई नसेल तर येणाऱ्या सिस्टरला सावकाश चालू करू दे, पण फ्रीजमधून बॅगही तेव्हाच मागवायची, कारण बाहेर काढल्यापासून ४ तासांत ती संपायला हवी. पोटॅशियमचं ड्रिप, इन्सुलिन इन्फ्युजन, आयनोट्रोप (हृदयाला जोर देणारं औषध) चालू असेल तर कागदावरून ओव्हर द्यायची नाही. दोघींनी पंपापाशी उभं राहून रेट बघायचा. लॅबमधून फोनवर वाईट रिपोर्ट आला असेल तर डॉक्टरांना कळवल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. मॉर्फिनसारख्या नार्कोटिक औषधांचा हिशोब दोघींनी मिळून.

बाकी स्पंजिंग, चादर, इंडेंट, रूटीन ड्रेसिंग सांगून ठेवता येतं. टोटलचं मात्र पेशंट बघून ठरव. किडनीचा किंवा हार्ट फेल्युअरचा असेल तर ते टोटल म्हणजे औषधाइतकंच, बाकीच्यांचं तासाभराने झालं तरी चालेल.

डिस्चार्जवाल्याला इन्सुलिन समजावायला तू थांबलीस ते एकदम बरोबर केलंस. तो माणूस घरी निघाला होता, पुढची शिफ्ट त्याच्या वाट्याला येणारच नव्हती.

कळवा_पूर्व

थोडं कडू लिहिते, राग मानू नये. मी बहुतेक वेळा इव्हिनिंगला असते, म्हणजे उरलेलं घेणारी. बदलापूरहून कळव्याला उतरून दीड वाजता वॉर्डात पोचते, आणि पहिला तासभर दुसऱ्याचं उरकण्यात गेला की माझी सहाची औषधं मागे पडतात. मग माझं उरलेलं नाईटला जातं. नाईटला ३० पेशंटमागे एक जण. त्यामुळे "सगळ्यांचंच उरतं" हे मला इतकं हलकं वाटत नाही.

आणि उरण्यापेक्षा वाईट म्हणजे लपवणं. फाईलमध्ये "ड्रेसिंग डन", खाली सही, आणि पाच वाजता बँडेज उघडायला जावं तर चिकटपट्टीवर तारीख कालची. पेशंटला विचारलं की तो म्हणतो, आज कोणी आलंच नाही. अशा वेळी मला त्या मुलीच्या एकाही सहीवर विश्वास ठेवता येत नाही. दिलेली औषधंसुद्धा परत तपासावी लागतात. तोंडावर "चार गोष्टी राहिल्यात" म्हणणारी मला हजारपट परवडते, मी सुस्कारा टाकला तरी.

धागाकर्तीला विचारते, तुझं रोज तेच ते उरतं की वेगवेगळं? रोज इंडेंटच उरत असेल तर ती कामाची पद्धत बदलायला हवी.

नवीन_स्टाफ

नाही ताई, रोज वेगळं असतं. बघायला गेलं तर बारानंतर ॲडमिशन आली की उरतं, नाही आली तर नाही उरत. आणि ॲडमिशन बहुतेक तेव्हाच येतात, कारण कॅशलेसच्या पेशंटचं टीपीएचं (विम्याचे दावे बघणाऱ्या कंपनीचं) अप्रूव्हल दुपारी येतं, बिल होतं, बेड रिकामा होतो आणि खाली कॅज्युअल्टीत थांबलेला पेशंट लगेच वर येतो. एकाच तासात एक डिस्चार्ज, एक ॲडमिशन, वर दोनची औषधं आणि ओव्हर.

न केलेल्यावर सही मी कधी केली नाही, करणारही नाही.

कळवा_पूर्व

मग माझा तुझ्यावर काही आक्षेप नाही. आमच्याकडेही दुपारचं तेच चित्र आहे.

येऊर_पायथा

मी आरएमओ. आमच्या बाजूनेही लिहायला हवं, कारण दोन वाजता ओव्हर चालू असताना "सिस्टर, आठ नंबरची फाईल द्या" म्हणून मध्ये घुसणारे आम्हीच असतो. त्यात वॉर्डचा फोन, नातेवाईक, फार्मसीचा माणूस. सांगणारीचं वाक्य अर्धवट तुटतं आणि नेमकं तुटलेलंच राहतं. माझ्या वॉर्डात आता दोन ते सव्वादोन मी फाईल मागत नाही, पेशंट बिघडला असेल तरच बोलतो. बाकीच्या डॉक्टरांनीही हे पाळावं, यात आमचं काही जात नाही.

ओव्हर हा सौजन्याचा विषय नाही, सुरक्षेचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये रुग्णसुरक्षेचे नऊ उपाय दिले, त्यात शिफ्ट बदलतानाचा संवाद हा एक होता. डॉक्टरांच्या बाबतीत २०१४ मध्ये एक मोठा अभ्यास आला. अमेरिका आणि कॅनडातल्या ९ हॉस्पिटलांच्या बालरोग विभागांत निवासी डॉक्टरांना ठरावीक क्रमाने ओव्हर द्यायला शिकवलं. आजार किती गंभीर, थोडक्यात हकीकत, काय करायचं बाकी, काय बिघडू शकतं, आणि शेवटी ऐकणाऱ्याने स्वतःच्या शब्दांत परत सांगायचं. वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी कमी झाल्या, टाळता येण्यासारखे अपाय ३० टक्क्यांनी. आणि ओव्हरला जास्त वेळही लागला नाही.

यात "काय करायचं बाकी" हा ओव्हरचा ठरलेला भाग आहे, हे बघा. म्हणजे काहीतरी बाकी असणारच हे गृहीत धरूनच ती पद्धत बांधली आहे.

घणसोली_ब्रदर

सगळे इतकं छान सांगताहेत, पण मूळ आकड्याकडे कोणी बघत नाहीये. एका नर्सकडे ११ पेशंट. केंद्र सरकारच्या स्टाफ इन्स्पेक्शन युनिटचं प्रमाण साध्या वॉर्डला ६ पेशंटमागे १ नर्स आणि आयसीयूत १ ला १ असं आहे, शिवाय सुट्ट्या-रजांसाठी वरून जादा पदं धरायची. ही मुलगी जवळपास दोघींचं काम करते आणि घरी जाऊन स्वतःला दोष देते. तो दोष तिच्या खात्यावर का?

दुसरं, ती साडेतीनपर्यंत थांबली. ते दीड तास कुठे लिहिले गेले? कुठेच नाही. म्हणजे मॅनेजमेंटच्या कागदावर त्या दिवशी दोन नर्समध्ये २२ पेशंटचं सगळं काम वेळेत झालं. उद्या तिसरी स्टाफ मागितली तर ते म्हणणार, दोघींत होतंय की. आपण गुपचूप थांबून ही तूट झाकतो.

पगाराचंही सांगतो, नवीन मुलींना बहुतेक माहीत नसतं. सुप्रीम कोर्टाच्या २०१६ च्या आदेशानंतर केंद्राने समिती नेमली होती. तिच्या शिफारशीनुसार २०० पेक्षा जास्त खाटांच्या खासगी हॉस्पिटलात नर्सचा पगार त्याच दर्जाच्या सरकारी नर्सइतका हवा, आणि ५० पेक्षा कमी खाटा असल्या तरी किमान २०,००० रुपये. सुट्ट्या आणि कामाचे तासही सरकारीप्रमाणे असावेत असं त्यात आहे. शिफारशी कागदावर आहेत, अंमलबजावणी राज्यांवर सोडली. तुझ्या हॉस्पिटलात किती खाटा आहेत ते एकदा बघ.

कोपरखैरणे_सेक्टर

+१. आमच्याकडे तर पंच आउट करून थांबायला सांगतात.

कळवा_पूर्व

ब्रदर, आकडा बरोबर आहे, मान्य. पण आकडा बदलेपर्यंत १४ नंबरच्या काकांचा पाय थांबणार नाही. तिने काल थांबून ड्रेसिंग केलं ते मला चुकीचं वाटत नाही. डायबेटिक पाय आहे तो.

घणसोली_ब्रदर

ड्रेसिंग चुकीचं मी म्हणतच नाही. केलं ते केलं. पण "स्टाफ कमी असल्यामुळे शिफ्टनंतर थांबून केलं" हे रिपोर्ट बुकात एक ओळ तरी यायला हवं.

कोपरी_पूर्व

मी नर्स नाही. आई गेल्या वर्षी ठाण्यात ॲडमिट होती, तेव्हाचं सांगते, कदाचित उपयोग होईल.

रात्री आठला दोघी सिस्टर बेडपाशी आल्या. जाणारी आमच्यासमोर म्हणाली, "आजींची पाठ सहा वाजता बघायची होती, एक इमर्जन्सी आली म्हणून राहिली. टाचेवर थोडी लाली आहे, या बाजूला." नवीन सिस्टरने तिथेच बॅटरी लावून पाहिलं, आईला कुशीवर केलं, दर दोन तासांनी वळवते म्हणाली. एवढं ऐकून मला राग यायला हवा होता का? मला उलट धीर आला. आधीच्या एका मुक्कामात मात्र सगळे "हो हो, झालंय" म्हणायचे, आणि आम्ही रात्रभर कोणाला काय विचारावं या विवंचनेत.

नातेवाईक आरडाओरडा करतात ते खरं आहे. पण बरेचदा ते काय राहिलंय हे कळत नसतं म्हणून.

सानपाडा_ट्यूटर

नर्सिंग कॉलेजला शिकवते. कोपरी_पूर्व यांनी जे पाहिलं त्याला आम्ही बेडसाइड हँडओव्हर म्हणतो, आणि नर्सिंग स्टेशनवर बसून दिलेल्या ओव्हरपेक्षा ते मला नेहमी जास्त खात्रीचं वाटतं. सलाईन किती उरलंय, युरोबॅग भरलीय का, कॅन्युलाची (सलाईनच्या सुईची) जागा सुजलीय का, हे डोळ्यांना दिसतं. फक्त एचआयव्ही, घरगुती बाबी, निदान अजून सांगितलेलं नाही, असलं काही बेडपाशी बोलायचं नाही.

धागाकर्तीच्या अपराधीपणाचं एक मूळ आमच्याकडेच आहे. विद्यार्थी असताना आम्ही एका मुलीला एक किंवा दोन पेशंट देतो आणि केअर प्लॅनची प्रत्येक ओळ पूर्ण करून घेतो. एकही चौकट रिकामी राहिली की वहीत लाल शेरा. मग तीच मुलगी नोकरीला लागते आणि पहिल्या आठवड्यात ११ पेशंट. अर्धी चौकट रिकामी राहिली की तिला तोच लाल शेरा दिसतो. काय आधी आणि काय नंतर, हे ठरवायला आम्ही पुरेसं शिकवत नाही. शिकवायला हवं.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ मध्येच लिहून ठेवलंय की आपण हजर असताना जे करतो ते आपण नसतानाही होत राहील अशी व्यवस्था लावणं, हा शुश्रूषेचा गाभा आहे. १६० वर्षांहून जुनी गोष्ट आहे ही. एकटीने सगळं संपवून जा, असं त्यांनीही सांगितलेलं नाही.

लिहिताना नुसतं "ड्रेसिंग पेंडिंग" लिहू नकोस. "उजव्या पायाचं ड्रेसिंग दुपारी १ चं. नवीन ॲडमिशनमुळे झालं नाही. जखम आज पाहिलेली नाही. इव्हिनिंग स्टाफला सांगितलं, वेळ २.१०." यात "जखम आज पाहिलेली नाही" हे सगळ्यात महत्त्वाचं. कारण संध्याकाळी पू दिसला तर तो सकाळपासून होता की आत्ताचा, हे कोणालाच माहीत नाही हे डॉक्टरांना कळायला हवं.

नवीन_स्टाफ

सगळ्यांचे प्रतिसाद परत परत वाचले. खूप आभार.

परवा परत तसंच झालं, सव्वाबाराला ॲडमिशन. या वेळी मी दोनपर्यंत न थांबता साडेबारालाच इनचार्ज सिस्टरना सांगितलं की माझी दोन कामं होणार नाहीत. त्यांनी एक ड्रेसिंग माझ्यासोबतच्या स्टाफला दिलं. इंडेंट उरलं. बेडपाशी ओव्हर दिली, उरलेलं सुरुवातीलाच सांगितलं. इव्हिनिंगच्या सिस्टर खूश झाल्या असं नाही, पण दोन प्रश्न विचारले आणि कामाला लागल्या. अडीचला निघाले.

तरी गाडीत परत तेच. फोन करायचा मोह आवरला नाही, एकदा केला.

तलावपाळी

एकदा केलास ना, ठीक आहे. पुढच्या वेळी फोन करण्याआधी स्वतःला विचार की मला असं काही आठवलंय का जे मी सांगायचं विसरले. आठवलं असेल तर जरूर कर, मध्यरात्रीही कर, कोणी काही म्हणणार नाही. नसेल, तर ती तिकडे काम करतेय, तिला करू दे. आणि वॉर्डच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पेशंटचं नाव किंवा फाईलचा फोटो टाकून विचारू नकोस, हल्ली मुली सर्रास करतात.

पारसिक_बोगदा

आणखी एक, मोठी बहीण म्हणून सांगते. ड्युटीला निघताना रडू येणं, झोपेत मॉनिटरचे आवाज ऐकू येणं, जेवण न जाणं, हे आठवडेच्या आठवडे राहिलं तर "नवीन आहे म्हणून" असं समजून अंगावर काढू नकोस. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. माझ्या दोन ज्युनियर्सनी केलेला आहे.

कळवा_पूर्व

माझ्याकडून एक कामाची गोष्ट. ड्रेसिंग उरणार हे साडेबारालाच कळलं असेल, तर ट्रॉली तेवढी लावून ठेव. सेट, गॉज, सलाईन, बँडेज, ग्लोव्हज, आणि काकांना सांगून ठेव की चारच्या आधी सिस्टर येतील. माझी पंधरा मिनिटं तिथेच वाचतात, आणि पेशंट मला दर दहा मिनिटांनी हाक मारत नाही.

नवीन_स्टाफ

हे नक्की करेन ताई. ब्रदर, रिपोर्ट बुकात नेमकं काय लिहायचं? इनचार्ज सिस्टर रागावल्या तर? त्यांच्याशी माझं चांगलं आहे, तक्रार केली असं वाटायला नको.

घणसोली_ब्रदर

आधी त्यांना दाखव, मग लिही. बहुतेक इनचार्जना हे हवंच असतं, कारण मेट्रनकडे (नर्सिंगच्या प्रमुखांकडे) स्टाफ मागायला त्यांच्याही हातात काहीतरी लागतं. मत लिहायचं नाही, कोणाचं नाव नाही, फक्त हिशोब. असं: "मॉर्निंग. पेशंट २२, स्टाफ २. दुपारी १२.१५ नंतर ॲडमिशन १, डिस्चार्ज १. वेळेत न झालेली कामं: ड्रेसिंग १, फार्मसी इंडेंट. ड्रेसिंग शिफ्टनंतर केलं, स्टाफ ३.३० ला गेली. सिस्टर इनचार्जना १२.३० ला कळवलं." खाली तुझी सही, त्यांची सही. उरलं नसेल त्या दिवशीही पेशंट आणि स्टाफचा आकडा लिही. महिनाभराची पानं एकत्र मांडली की बारा ते दोनला अजून एक माणूस लागतो हे त्यांना वेगळं सांगावं लागणार नाही. आमच्याकडे असंच मांडल्यावर दुपारसाठी एक फ्लोटिंग स्टाफ (गरज असेल त्या वॉर्डात जाणारी) मिळाली. रोज नाही मिळत, पण सोमवारी आणि शनिवारी मिळते.